शेवटच्या पानावरचं नाव

खंडेनवमीच्या सकाळी साळसकरांच्या घरात पाटावर तीन वस्तू मांडल्या जातात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी दुर्गाच्या वडिलांचा, कुशाबांचा धोटा, गिरणीच्या मागावर आडवं सूत घेऊन धावणारा तो लाकडी ठोकळा. मग तिच्या आईच्या, रखमाच्या खाणावळीतला पितळी झारा. आणि तिसरं, गेली चोवीस वर्षं, दुर्गाचं नारिंगी मशीन. ज्याने घर चालवलं त्याला आज हळदकुंकू लागतं, एवढा साधा नियम. तो मोडायची हिंमत या घरात आजवर कोणी केली नव्हती.

आज पावणेअकरा झाले तरी पाटावर दोनच वस्तू होत्या.

दुर्गाने तिसऱ्या जागेवर झेंडूची दोन फुलं ठेवून पाहिली, मग उचलली. मशीनच्या जागी फुलं म्हणजे काय? मशीन मेलं आहे का? तिचा पुतण्या निलेश पंधरा दिवसांपूर्वी ते घेऊन गेला होता. "आत्या, सर्व्हिसिंग करून आणतो. पूजेला कसं चकाचक दिसेल बघ," म्हणाला होता. तिने विश्वासाने दिलं. सहासष्टाव्या वर्षी माणसाने स्वतःच्या पुतण्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

"वहिनी, निलेशला फोन लाव."

निलेशची आई कौसल्या खिडकीपाशी नारळ सोलत होती. नवव्या मजल्यावरच्या या खिडकीतून खाली चिंचपोकळी स्टेशनचं छप्पर दिसतं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती तिकडेच बघत होती. "येता म्हणालो तो," ती मालवणीत म्हणाली, आणि नारळाची शेंडी पुन्हा उपटायला लागली. शेंडी केव्हाच निघालेली होती.

निलेश आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, हातात जाड पुठ्ठ्याचं पाकीट घेऊन. मशीन नव्हतं.

"मशीन कुठाय?" दुर्गाने विचारलं.

"गाडीत. आत्या, ऐक, आधी बस. मोठी बातमी आहे." त्याने खुर्ची ओढली. "परळच्या त्या जुन्या गिरणीच्या आवारात आमची कंपनी प्रदर्शन भरवतेय. 'घरातला पहिला कॉम्प्युटर'. उद्या दसऱ्याला उद्घाटन. आणि त्यात मधल्या टेबलावर, सगळ्यात पुढे, आपलं मशीन! मी इथून सरळ तिकडेच चाललोय."

"पूजा?"

"दिवाळीत करू की लक्ष्मीपूजनाला. काय फरक पडतो?"

दुर्गाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण तिने त्याला बोलू दिलं. निलेशला बोलताना थांबवायचं नसतं, तो आपला आपणच खड्ड्यात जातो, हे तिला त्याच्या लहानपणापासून ठाऊक होतं.

आणि तो बोलत सुटला. त्याचे डोळे खरंच चमकत होते, हे मान्य करायला हवं. १९९९ साली अ‍ॅपलने हे आयबुक काढलं तेव्हा लॅपटॉप म्हणजे काळी, टोकदार कोपऱ्यांची पेटी होती, साहेबांच्या ब्रीफकेसमधली. हे आलं ते गोलमटोल, नारिंगी नाहीतर निळं, आणि वर उचलायला चक्क हँडल. सामान्य घरासाठी केलेलं. बिनतारी इंटरनेटची सोय आत असलेल्या पहिल्या काही घरगुती लॅपटॉपपैकी हे एक. ते जगाला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा स्टेजवर त्याच्याभोवती मोठं गोल कडं फिरवून दाखवलं होतं, बघा, कुठे वायर नाही.

"आणि लोक काय म्हणाले माहितीय? खेळणं! बायकांची पर्स! कुणी तर कमोडचं झाकण म्हणालं. आज तुझ्या हातातला प्रत्येक लॅपटॉप, आत्या, याच्याच वाटेने आलाय."

"माझ्या हातात झाडू आहे," दुर्गा म्हणाली. "वाटेचं सांगू नको. वायर नाही म्हणे! आपल्या चाळीत फोन होता तो तळमजल्याच्या वाण्याकडे. मला त्या मशीनचं काय कौतुक सांगतोस? त्याच्या 'ळ' ची कळ कुठे अडकायची ते झोपेत सांगेन मी."

"म्हणूनच तर! हे बघ." त्याने पाकिटातून गुळगुळीत कार्ड काढलं, प्रदर्शनात मशीनशेजारी लागणारं, आणि खाकरून वाचायला लागला. "'आयबुक, १९९९. चिंचपोकळीचे कैलासवासी माधव कुशाबा साळसकर यांनी गिरणी बंद पडल्यावर हार न मानता याच संगणकावर अक्षरजुळणी आत्मसात केली, आणि लालबाग-परळच्या गणेशमंडळांचे वार्षिक अहवाल एकहाती तयार केले. व्यावसायिक जगाने खेळणे ठरवलेल्या यंत्राला एका गिरणी कामगाराने कामाला लावले.' कसं वाटलं? उद्या मला स्टेजवर पाच मिनिटं बोलायचंय बाबांवर."

खाली स्टेशनवरची घोषणा ऐकू आली.

"कुणी कामाला लावलं?" दुर्गाने विचारलं.

"बाबांनी."

"माधवने? अरे, माझ्या भावाला त्या मशीनचं झाकण कुठून उघडतं ते सांगायला दोन महिने लागले मला! एकहाती? हात कुणाचे होते? गिरगावच्या प्रेसमध्ये अठरा वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले मी, मग कॉम्प्युटरवर जुळवले. प्रेस बंद करताना हितेंद्रशेठनी ते मशीन माझ्या हातात ठेवलं. त्यांच्या भाच्याने परदेशातून आणलं होतं. 'असलं रंगीत खेळणं माझ्या टेबलावर शोभत नाही, गिऱ्हाईक हसेल, तू ने,' म्हणाले. मी आणलं ते. मी! आणि माझ्या हयातीत, माझ्याच घरात, तू मला हे वाचून दाखवतोस?"

निलेश गोरामोरा झाला. पण तो रिकाम्या हाताने आला नव्हता. त्याने पाकिटात पुन्हा हात घातला आणि तीन जुन्या पुस्तिका बाहेर काढल्या. गणेशमंडळांचे अहवाल, कडा पिवळ्या पडलेले. दुकानांच्या जाहिराती, कार्यकर्त्यांचे फोटो, मग पानंच्या पानं वर्गणीदारांची नावं. त्याने प्रत्येकाचं शेवटचं पान उघडून तिच्यासमोर मांडलं.

अक्षरजुळणी: माधव कुशाबा साळसकर. २००१. २००४. २००९.

"हे मी नाही छापलं आत्या," तो म्हणाला. "हे कुणी छापलं?"

दुर्गाने त्या ओळीकडे पाहिलं. अक्षरं तिची होती. 'क्ष'च्या पोटातली जागा तिनेच एका वर्षी ओढून बारीक केली होती. अकरा वर्षं, दर वर्षी सगळं झाल्यावर शेवटी, तिनेच आपल्या बोटांनी ते नाव टाइप केलं होतं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

*

ओट्याखालच्या फळीवर शेवेच्या सोऱ्याशेजारी एक स्टीलचा डबा असे. त्यात मशीनचा चार्जर. भोवऱ्यासारखा गोल, भोवती वायर गुंडाळायची सोय असलेला. मशीनची बॅटरी कधीच संपून गेली होती, त्यामुळे हा लावल्याशिवाय ते उघडत नसे, आणि असा चार्जर आता शोधूनही मिळत नाही. दुर्गाने डबा काढला. मशीन नेलंस तर ने, चार्जर देत नाही, बघू तुझं उद्घाटन कसं होतं ते, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

डबा रिकामा होता.

कौसल्या दारात उभी होती. तिला पुढे यायचं नव्हतं आणि मागेही जाता येत नव्हतं.

"वहिनी?"

"मी दिलंय त्याका," कौसल्या म्हणाली. "सकाळी तू आंघोळीक गेली तेव्हा. खाली जाऊन दिलंय."

"तुला कार्डाचं माहीत होतं?"

"माधवांचा नाव येतला, इतक्याच सांगलान त्येनी."

दुर्गाने डबा ओट्यावर आपटला. झाकण घरंगळत बेसिनपर्यंत गेलं. "चाळीस वर्षं एका चुलीवर जेवलो आपण! तू माझ्या मागून चार्जर काढून दिलास? तुला ठाऊक नव्हतं कुणी काम केलं ते?"

"ठाऊक होता."

"मग?"

कौसल्याला सगळं एकदम सांगायचं होतं आणि ते एकदम सांगता येण्यासारखं नव्हतं. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर होतं, तो हजेरीपट गिरणीबरोबर गेला. रेशनकार्डावर होतं, तिथे आता आडवी रेघ आहे. नव्या बिल्डिंगमधल्या घराच्या दारावर निलेशच्या नावाची पाटी. चाळीतल्या बायका तेव्हा तोंडावर विचारायच्या, तुमचे हे काय करतात हल्ली? बहिणीच्या कमाईवर बसलेला भाऊ, असं जिन्यात बोलणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मग दर गणपतीत तो अहवाल यायचा आणि ती शेवटचं पान उघडून शेजारणीच्या हातात द्यायची. मुद्दाम. ती ओळ खोटी आहे हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? पण चार दिवस ती मान वर करून नळावर जायची.

"एकदा तरी त्यांचा नाव कुठेतरी लागांदे, दुर्गा," ती म्हणाली. "तुझा काय जाता? तू तर तेव्हा आपल्या हातान दिलंस."

"दिलं नाही. घेतलं माझ्याकडून!" दुर्गाचा आवाज चढला. "मंडळाचा तो बाबुराव सेक्रेटरी, आठवतो? पहिल्या वर्षी काय म्हणाला? 'काम एक नंबर आहे, पण खाली बाईचं नाव नको, पोरं चेष्टा करतील, माधवचं टाका.' आणि माझा भाऊ तिथे उभा होता. गप्प. मी म्हटलं जाऊ दे, एक वर्ष. त्याला बरं वाटतंय, तुला बरं वाटतंय. एकाची अकरा झाली. तेव्हा मूग गिळले ते माझं चुकलं, कबूल. म्हणून आता तो मेल्यावरसुद्धा गिळत बसू?"

*

बाहेरच्या खोलीत निलेश हे सगळं ऐकत होता. नवी घरं मोठी असतात, पण भिंती पुठ्ठ्याच्या.

त्याला राग आला होता आणि तो एकट्या आत्यावरच आहे की काय हे त्याला कळत नव्हतं. तो सात वर्षांचा होता तेव्हा त्याला देवगडला मामाकडे धाडलं. एक खोली, बापाला काम नाही, पोरगं गावात शिकेल. बारावी होईपर्यंत तो फक्त मे महिन्यात मुंबईला यायचा. मे महिन्यात मशीन रिकामं असायचं. आई आणि आत्या त्याच्यावर पत्ते लावायला शिकल्या होत्या, त्यालाही शिकवायच्या. जूनच्या सुरुवातीला तो परत जायचा, आणि अहवालांचं काम सुरू व्हायचं ते त्यानंतर. गणपतीत बाबा गावी यायचे तेव्हा पिशवीत अहवाल असायचा. ते शेवटचं पान त्याने शाळेत मास्तरांना दाखवलं होतं. माझे बाबा कॉम्प्युटरवर काम करतात. वर्गात त्या वेळी कॉम्प्युटर पाहिलेला तो एकटाच.

आणि आज कळतंय की तेही खोटं.

"मला कुणी सांगितलं का?" तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ओरडला. "मला बाप छापील कागदावरच भेटला, आत्या! तुम्हीच छापलात, तुम्हीच माझ्या हातात दिलात. आता मी तेच कार्डावर लिहिलं तर मी चोर?"

"तू विचारलंस का?" दुर्गा उलटून म्हणाली. "पंधरा दिवस मशीन तुझ्याकडे होतं. मी याच घरात होते. रोज रात्री तुला भाकरी वाढत होते. एकदा म्हणालास, आत्या, याची गोष्ट सांग? सर्व्हिसिंग म्हणालास! खोटं बोलून नेलंस आणि वर मला छापील पुरावा दाखवतोस?"

विचारलं असतं तर गोष्ट बदलली असती, ही भीती निलेशच्या मनात कुठेतरी होतीच.

मेघना, त्याची बायको, पूजेपुरती सुट्टी मागून बँकेतून नुकतीच आली होती. दादरच्या मुलीला या घरात येऊन चार वर्षं झाली होती आणि भांडणात कुणाची बाजू घ्यायची नाही हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. तिने चपला काढल्या, रिकाम्या पाटाकडे पाहिलं, टेबलावरचं कार्ड उचललं.

"हे कार्ड फायनल आहे?" तिने विचारलं.

"छापून झालंय," निलेश म्हणाला. "ठेव ते."

"खालचा परिच्छेद तू मला दाखवला नव्हतास." आणि तिने तो मोठ्याने वाचला, बँकेत फॉर्म वाचतात तसा, कोरडा. "'काम नसताना घरातील स्त्रिया या संगणकावर पत्त्यांचा खेळ खेळत आणि मन रमवत.'"

"मेघना, ठेव म्हटलं ना!"

"कोण खेळत?" कौसल्याने विचारलं.

ती मेघनाकडे वळली.

"परत वाच गो."

मेघनाने परत वाचलं.

आता कौसल्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सातवी शिकलेली ही बाई अकरा वर्षं, जुलै-ऑगस्टचे दोन महिने, रोज दुपारी भांडी घासून झाली की दुर्गाशेजारी जमिनीवर बसायची. दुर्गाच्या डोळ्यांपुढे पडदा, कौसल्याच्या हातात मंडळाचा हाताने लिहिलेला कागद. कौसल्या मोठ्याने वाचायची आणि दुर्गा पडद्यावर ताळा घ्यायची. नुसतं वाचून चालत नसे. प्रत्येक वेलांटी, प्रत्येक टिंब बोलावं लागे. 'तांडेल, ता वर टिंब, स्वल्पविराम.' हजार हजार नावं. एक नाव चुकलं तर माणूस आरतीला येऊन सगळ्यांसमोर तमाशा करायचा. घसा बसायचा, मग ती मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून पुन्हा बसायची. चोवीस वर्षांत हे काम आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. पण ते मन रमवणं होतं असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

"मन रमवत?" ती निलेशसमोर येऊन उभी राहिली. "माझो घसो फाटायचो! तुझी आजी सुतक धरून बसली होती त्या वर्षी पण वाचलंय मी, कोपऱ्यात बसान, हळू आवाजात. पत्ते? माका काय कळणा नाय, असा समजतंस?"

"आई, तसं नाही, लोकांना जरा हलकंफुलकं—"

"गप ऱ्हव!"

आई आपल्यावर अशी शेवटची कधी ओरडली होती ते निलेशला आठवेना.

"आणि बापाशीचा सांगू तुका? खरा?" कौसल्या आता थांबणार नव्हती. "एकदा बाबुरावान सगळ्यांसमोर सांगलान, माधव, हे नाव इथेच बदल बघू. तुझ्या बापाशीन झाकण उघडलान, बघलान, आणि म्हणालो, बॅटरी संपली. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजलो. जेवलो नाय. त्या माणसाक त्या खोट्या नावाचो काय त्रास झालो तो मी बघलंय. आणि तू त्याचीच परत पाटी करून लावतंस?" तिने हात पुढे केला. "चार्जर."

"आई, उद्या मशीन चालू दिसलं नाही तर माझी नोकरी—"

"चार्जर दी, निलेश."

त्याने बॅगेतून चार्जर काढून दिला. वायर एका जागी फाटली होती, तिथे कुणीतरी गिरणीचं पांढरं सूत घट्ट, एकाशेजारी एक, गुंडाळून गाठ मारली होती. कौसल्याने त्या गाठीवरून अंगठा फिरवला आणि चार्जर दुर्गाच्या हातात ठेवला.

"आता खाली जा," दुर्गा निलेशला म्हणाली, "आणि गाडीतून माझं मशीन घेऊन ये. हँडलला धरून आण. पेटीत घालून नको."

*

मशीन आलं ते खरंच चकाचक होतं. इतकं की दुर्गा त्याच्याकडे बघतच राहिली. झाकणाच्या मधोमध चोवीस पूजांच्या कुंकवाचा जो तांबूस डाग बसला होता, तो सर्व्हिसिंगवाल्याने घासून काढला होता.

"डाग होता म्हणून..." निलेश पुटपुटला.

"तो डाग नव्हता," दुर्गा म्हणाली. तिने बोट कुंकवात बुडवलं आणि जिथे होतं तिथेच, मोजून मापून, लावलं. मग हळद, अक्षता, झेंडू. धोटा, झारा, मशीन. पाट पुरा झाला. कौसल्याने नारळ वाढवला, मेघनाने आरतीचं ताट धरलं. निलेश हात जोडून मागे उभा राहिला.

आरती झाल्यावर दुर्गाने पाटाशेजारीच बसकण मारली. चार्जरचं टोक खोचलं. पडदा उजळायला वेळ लागला, नेहमीच लागायचा. तिने मराठीचं पान उघडलं, बोटं मोडली आणि कळांवर ठेवली.

"कार्ड नवं होईल," ती निलेशला न बघता म्हणाली. "त्यांना सांग. जमत नसेल तर टेबलावर तुमच्या कंपनीचा फोटो ठेवा, मशीन या घराबाहेर जाणार नाही."

"काय लिहायचं?" निलेशने विचारलं. त्याच्या आवाजातला ताठा गेला होता, पण दुर्गाचा राग काही त्याने जाणार नव्हता.

"तुला विचारलेलं नाही. वहिनी, सांग."

कौसल्या खाली बसली. हातात कागद नव्हता, तरी तिने तो धरल्यासारखे हात मांडीवर ठेवले, आणि तिचा तो जुना, सपाट, टिंबंही न सोडणारा आवाज लागला.

"अक्षरजुळणी. दोन टिंबं. दुर्गा कुशाबा साळसकर. पूर्णविराम. नवी ओळ."

कळा खटखटल्या. दुर्गा बोटांकडे बघत नव्हती. निलेश बघत होता. आपल्या आत्याची बोटं इतक्या वेगात चालतात, हे त्याने आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

"प्रूफवाचन. दोन टिंबं. कौसल्या माधव साळसकर. पूर्णविराम. नवी ओळ."

आणि ती थांबली.

दुर्गा वाट बघत राहिली. पुढचं नाव दुर्गाला आपण होऊन सांगायचं नव्हतं. ते तिच्या तोंडून आलं असतं तर माधववर मेहेरबानी झाली असती.

"तू मघाशी सांगलंस ना," कौसल्या निलेशला म्हणाली, "लोक ह्या हँडलाक पर्स म्हणान हसायचे? जुलैचो पाऊस, तीन किलोचा मशीन, प्लास्टिकात गुंडाळून तुझ्या बापाशीन त्याच हँडलाक धरून नेल्यान, लालबाग, परळ, काळाचौकी. एकदाय भिजवल्यान नाय. वायर तुटली ती सुतान बांधल्यान. मंडळात बसून लोकांच्या चुका पेन्सिलीन लिवून आणायचो. एक चूक विसरलो नाय कधी." तिने पदराने तोंड पुसलं. "लिव दुर्गा. ने-आण. दोन टिंबं."

दुर्गाने नाव सांगायची वाट पाहिली नाही. ते नाव तिच्या बोटांना चांगलं ठाऊक होतं. पहिल्यांदाच ते योग्य ओळीवर पडत होतं.

मेघनाने पडद्याचा फोटो काढायला फोन वर केला. "पाठवू का छपाईला?"

"थांब," दुर्गा म्हणाली. "ताळा घेतल्याशिवाय माझ्या हातून आजवर काही छापायला गेलेलं नाही." तिने मशीन निलेशकडे वळवलं. "वाच. मोठ्याने. टिंबांसकट."

निलेश पाटासमोर मांडी घालून बसला. उद्या स्टेजवर बोलायचं भाषण त्याच्या खिशात होतं. त्याने घसा साफ केला, एकदा आईकडे पाहिलं, आणि शाळेत मास्तरांसमोर वाचायचा तसा, एकेक शब्द सुटा करून, तो वाचायला लागला.

"अक्षरजुळणी. दोन टिंबं. दुर्गा कुशाबा साळसकर."

"पूर्णविराम," दुर्गा म्हणाली. "तो कोण वाचणार?"